पावसाचं माप आणि पावसाचं नवल



हिवरे बाजारात येऊन कवितेवर बोलायचं म्हणजे आम्हाला थोडा संकोच वाटतो, हे आधीच कबूल करतो. इथे येणारी माणसं डोंगरावरचे सलग समतल चर बघतात, बंधारे बघतात, विहिरींत डोकावतात, वहीत आकडे उतरवून घेतात आणि जातात. इथल्या ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. किती पाऊस पडला, किती मुरला, माणसांना आणि जनावरांना प्यायला किती लागेल, उरलेल्यात कोणतं पीक बसेल, असा हिशोब होतो. अशा ठिकाणी फुलं, पाखरं, चांदणं आणि श्रावण यांच्या कवितांबद्दल कुणी बोलायला उभं राहिलं, तर 'हे कशाला?' असं मनात येणं साहजिक आहे. आमच्याही मनात आलं होतं. पण विषय हाच घ्यावा, आणि याच गावात घ्यावा, असं आम्ही ठरवलं. कारण आमच्याकडून एक चूक झालेली आहे, आणि ती सांगायला यापेक्षा योग्य जागा आम्हाला सुचली नाही.

चूक काय ती पुढे सांगतो. आधी थोडा इतिहास.

नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा. पाऊस मात्र या जिल्ह्यात सारखा वाटला गेलेला नाही. पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या ऐन कड्यावर घाटघर आहे, तिथे पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात. कळसूबाईचं शिखर त्याच तालुक्यात. तिथून पूर्वेकडे यायला लागलं, की ढग रिकामे होत जातात. नगर तालुक्यात आलात, की वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही पडला तर. यालाच आपण पर्जन्यछाया म्हणतो. शब्द किती सुंदर आहे बघा! छाया म्हटलं की गारवा आठवतो, आणि इथे छाया म्हणजे कोरड.

आमचं म्हणणं असं, की मराठीत निसर्गाकडे आणि रोजच्या साध्या गोष्टींकडे नवलाने बघणारी जी कविता आहे, तिचा एक मोठा धागा या कोरड्या छायेतून गेलेला आहे. तो कुठून सुरू होतो? नेवाशापासून. इथून फार लांब नाही ते. प्रवरेच्या काठी, शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, ज्ञानेश्वरी तिथे पूर्ण झाली. पैसाचा खांब तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल.

ज्ञानेश्वरीतलं तत्त्वज्ञान आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं, तोच आमचा पोटापाण्याचा धंदा होता. पण खरं सांगायचं तर दृष्टान्तांकडे आम्ही 'समजावून सांगण्याची सोय' म्हणूनच पाहत होतो. सिद्धान्त मुख्य, दृष्टान्त म्हणजे तोंडी लावणं. निवृत्तीनंतर मुलांना शिकवण्याची घाई संपली, तेव्हा दृष्टान्तच वाचत बसलो, आणि लक्षात आलं, हा माणूस काय बघत होता! कोरडं लाकूड पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत अडकून पडतो, हे पहिल्या अध्यायात येतं. बाराव्या अध्यायात झाड येतं. तोडायला आलेल्याला आणि लावणाऱ्याला ते सारखीच सावली देतं. त्याच अध्यायात पाणी येतं. माळी पाटाने जिकडे वळवील तिकडे ते निमूटपणे जातं. आता बघा, ज्याने संध्याकाळी मळ्यात दारं धरलेली नाहीत, निदान धरणाऱ्याच्या शेजारी उभा राहिलेला नाही, त्याला हे सुचणार नाही. पाणी निमूट जातं, हे वाक्य साधं वाटतं. पण पाटाच्या तोंडाशी मातीचा एक खोऱ्याचा बांध फोडला, की पाणी कसं क्षणभर थबकतं आणि मग वळतं, हे पाहणाऱ्यालाच त्यातला निमूटपणा दिसतो.

इथे जरा तत्त्वज्ञानात शिरू द्या, लगेच बाहेर येतो. जग हा केवळ भास आहे असं एकदा धरलं, तर त्याकडे नवलाने बघणं म्हणजे दोरीवरच्या सापाचे खवले मोजत बसणं. शहाण्याने ते करू नये. पण ज्ञानेश्वरांची भूमिका वेगळी आहे. 'अमृतानुभवा'त त्यांनी जगाला चिद्विलास मानलं आहे, चैतन्याचा खेळ. आणि खेळ म्हटलं की तो बघण्यासारखा असतो. फूल हे सत्याच्या आड येणारं झाकण उरत नाही, तेच सत्याचं उमलणं होतं. मराठी कवितेला फुलाकडे बघण्याची ही जी परवानगी मिळाली, ती आमच्या मते नेवाशात मिळाली. पुढच्या कवींपैकी कुणी अमृतानुभव वाचला होता की नव्हता, हा प्रश्न वेगळा. परवानगी एकदा मिळाली की ती भाषेत मुरते, इथलं पाणी डोंगरात मुरतं तशी.

आता शास्त्र काय म्हणतं? भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस आहेत, त्यांतला एक अद्भुत, आणि त्याचा स्थायीभाव विस्मय. विस्मय कशाने होतो याची यादीच भरताने दिली आहे. दिव्य पुरुषांचं दर्शन, मनातली इच्छा पुरी होणं, उपवनात किंवा देवळात जाणं, सभा, विमान, माया, इंद्रजाल. यादी छानच आहे. पण तीत जातं नाही, चूल नाही, बांधावरची हरळी नाही. पुढे विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त त्याच्या नारायण नावाच्या पूर्वजाचं एक मत दिलेलं आहे. चमत्कार, म्हणजे चित्ताचा विस्तार, हाच सर्व रसांचा प्राण, म्हणून सगळीकडे अद्भुतच आहे, असं ते मत. एका संस्कृत पंडिताने सगळ्या रसांच्या मुळाशी नवल ठेवलं, ही मोठीच गोष्ट. पण तेही बोलणं रसिकाच्या चित्ताबद्दल आहे. पहाटे उठून दळणाऱ्या बाईला पंडितांच्या सभेत कुणी विचारलं नव्हतं.

तिने मात्र कुणी विचारण्याची वाट पाहिली नाही. जात्यावरची ओवी ही मराठीतली रोजच्या आयुष्याची सर्वांत मोठी कविता आहे, आणि ती बहुतेक सगळी बायकांची आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयटेव्हीन यांनी गावोगाव फिरून या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. एक लाख! त्यांत काय नाही? भाऊ, माहेर, सासुरवास, विठोबा, सीता, दारातली तुळस, पाऊस. दळताना खुंटा हातात असतो, अंधार असतो, पीठ पडत असतं, आणि बाई पावसाशी घरच्या माणसासारखी बोलते. 'निसर्गकविता' हा शब्द तिच्या कानावरून कधी गेला नसेल. निसर्ग नावाची वेगळी वस्तू तिच्या घरात नव्हतीच. पाऊस, भाऊ, बैल, तुळस सगळे एकाच अंगणात.

आणि पंचांग! पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन दिलेलं असतं. बेडूक, म्हैस, हत्ती असलं तर पाऊस चांगला, गाढव, कोल्हा असलं तर कपाळाला हात. त्यात शास्त्र किती हे हवामान खात्याला विचारा. पण मृग कशावर बसून आलाय, असं विचारणारा समाज पावसाला यंत्र समजत नाही, पाहुणा समजतो, एवढं नक्की. आमच्या लहानपणी घरी वाहन वाचून दाखवण्याचं काम आमच्याकडे असे, आणि गाढव निघालं तर आजी आमच्यावरच डोळे वटारत असे.

असो. आता नगर शहरात येऊ.

नारायण वामन टिळक. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि नंतर आयुष्याचा मोठा काळ नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काढला. १८४२ साली याच नगरमध्ये सुरू झालेल्या 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचं संपादन शेवटच्या वर्षांत त्यांच्याकडे होतं. मराठी वाचक त्यांना 'फुलामुलांचे कवी' म्हणतो. हे बिरूद गोड आहे आणि त्या गोडीमुळेच थोडं घातक आहे. ते ऐकून असं वाटतं, की एक सुखवस्तू रेव्हरंड बंगल्याच्या बागेत आरामखुर्चीवर बसून गुलाबाला उद्देशून काहीतरी लिहीत असावा.

वस्तुस्थिती काय होती? १८९६-९७ चा दुष्काळ, लगेच प्लेग, त्यावर १८९९-१९०० चा दुष्काळ. नगर जिल्हा या सगळ्यात होरपळून निघाला. मिशनमध्ये अनाथ मुलांची रीघ लागली होती, टिळकांच्या स्वतःच्या घरातही अशी मुलं वाढली. 'मुलांचे कवी' म्हणतो तेव्हा ही मुलं आपल्याला आठवत नाहीत. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचा, म्हणजे त्या घराचा खरा रंग कळेल. पैसा हातात टिकत नाही, नवरा तापट आणि तितकाच उदार, घरात कोण येईल आणि किती दिवस राहील याचा नेम नाही, आणि या सगळ्यात ही बाई स्वतःची फजिती हसत हसत सांगते. आमचं स्पष्ट मत आहे, की रोजच्या जगण्यातलं नवल मराठी गद्यात लक्ष्मीबाईंनी जितकं पकडलं, तितकं त्या काळच्या कवितेलाही जमलं नाही. टिळकांनीसुद्धा हे ऐकून मान डोलावली असती, आणि मग बहुधा रागावले असते.

टिळकांची 'केवढे हे क्रौर्य!' तुमच्यातल्या ज्येष्ठांनी शाळेत पाठ केली असेल. घायाळ पक्षीण पिलांसाठी घरट्याकडे जाते, ही गोष्ट. तिला आपण करुण कविता म्हणून बाजूला ठेवतो. पण करुणा कुठून येते? पाखरालाही घर आहे, काळजी आहे, हे आधी दिसावं लागतं. दिसणं म्हणजेच नवल. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचं वर्णन करताना पावलाखालच्या बारीक जीवांचा विचार करत हळुवार चालणारा माणूस येतो. सहाशे वर्षांनंतर नगरच्या या कवीची नजर त्याच वाटेने जाते. नेवासा ते नगर हे अंतर एसटीने काही तासांचं, कवितेने सहाशे वर्षांचं!

त्याच घरात एक खानदेशी पोरगा येऊन राहिला. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, धरणगावचा, जन्म १३ ऑगस्ट १८९०. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं. अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. तिथे या सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटली आणि 'बालकवी' होऊनच परतला. टिळकांनी त्याला जवळ केलं, नगरला घरी आणलं. लक्ष्मीबाईंनी त्याच्याबद्दल जे लिहिलंय, त्यात कवीपेक्षा एक हळवा, हट्टी, घरचाच मुलगा दिसतो. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्टेशनात रेल्वेखाली सापडून तो गेला. वय सत्तावीस. वर्षभराने, ९ मे १९१९ ला, टिळकही गेले.

आता आमच्या चुकीवर येतो.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा आम्ही विशी ओलांडलेलो होतो. खडी फोडणाऱ्या बायकांच्या रांगा, सुकडीचं वाटप, तांबड्या मिलोच्या भाकरी, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. दोन वर्षांनी दया पवारांचा 'कोंडवाडा' आला. दया पवार आपल्याच जिल्ह्यातले, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. जिथे पाऊस धो धो पडतो त्या तालुक्यातला हा कवी धरणावर राबणाऱ्या बाईची कविता लिहितो. धरण ती बांधते, आणि पाणी दुसऱ्यांच्या उसाला जातं. हे वाचून आमच्यासारख्या तरुणांना वाटलं, की संपलं, आता फुलं आणि श्रावण यांचं काही खरं नाही. आम्ही शिकवायला लागलो तेव्हा सौंदर्यशास्त्राच्या तासाला 'पलायनवाद' या शब्दाचं उदाहरण म्हणून बालकवी देत असू. दुष्काळी मुलखात राहून हिरव्या गालिच्यांची स्वप्नं पाहणारा कवी, असं काहीतरी जोरात म्हणायचो. मुलं टिपून घ्यायची. टाळीचं वाक्य होतं ते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. असाच एक तास संपला, आणि एक मुलगा मागे थांबला. कोरडवाहू गावातला, अंगाने काटकुळा. म्हणाला, "सर, माझ्या आईला ती श्रावणाची कविता तोंडपाठ आहे. चौथीपर्यंत शिकलीय ती. बांधाच्या कामावर म्हणते. मग ती पळून जाते का?" आम्ही हसलो. 'भावनिक होऊ नकोस' असं काहीतरी बोललो आणि खडूचे हात झटकून निघालो. त्याचं नाव आम्हाला आठवत नाही, ही गोष्ट आम्हाला जास्त लागते. त्याचा प्रश्न मात्र आजपर्यंत बरोबर आला आहे.

ती बाई पळत नव्हती. पळायचं असतं तर बांधावर आली नसती. मग ती ती कविता कशाला म्हणत होती?

आम्ही बालकवी पुन्हा वाचायला घेतले. पहिल्यांदा दिसलं ते हे, की आम्ही अर्धेच बालकवी शिकवत होतो. 'फुलराणी' आणि 'श्रावणमास' लिहिणाऱ्या माणसानेच 'पारवा' लिहिली आहे, 'खेड्यातील रात्र' लिहिली आहे. ती रात्रीची कविता घ्या. भकास पठार, ढासळलेलं गाव, भीती वाटावी असा काळोख. हिरवळ औषधालाही नाही. ज्याला हिरवं इतकं नेमकं दिसतं, त्यालाच उजाडपणही इतकं नेमकं दिसतं. नजर एकच आहे. पलायन करणारा माणूस उजाड गावाचं चित्र काढत नाही, तो तिकडे पाठ फिरवतो.

दुसरं, श्रावणाचं. आम्हाला असं वाटतं, आणि कोकणातले आमचे मित्र हे मान्य करत नाहीत, भांडतात, की ऊन आणि सर यांचा तो लपंडाव खरा कळतो तो देशावर आणि खानदेशात. ढग येतो, एखाददुसरी सर टाकतो, निघून जातो. मागे ऊन. पुन्हा येईल का? आला तर बाजरी तरली. जिथे पाऊस महिनाभर छपरावर बसलेला असतो, तिथे सरीचं कौतुक कशाला राहील? कमी पावसाच्या माणसाला प्रत्येक सर वेगळी दिसते, कारण प्रत्येक सर त्याला मोजावीच लागते. बांधावरच्या त्या बाईला श्रावण म्हणजे स्वप्नातला देश नव्हता. तिचा ठाऊक असलेला, वाट पाहिलेला आणि त्या वर्षी न आलेला पाहुणा होता. ती कविता म्हणत होती म्हणजे त्याचं नाव घेत होती.

म्हणून दया पवारांची कविता खोटी ठरते का? अजिबात नाही. पाणी कुणी अडवलं आणि कुणी प्यायलं, हा प्रश्न विचारावाच लागतो, आणि तो फुलराणीला विचारता येत नाही. बालकवींच्या कवितेत श्रम करणारा माणूस जवळजवळ नाहीच, ही उणीव आम्ही आजही मांडू. फक्त ते मांडताना त्या मुलाच्या आईला पळपुटी ठरवणार नाही.

श्रम आणि नवल एकाच ओळीत कसे बसतात, हे पाहायचं तर बहिणाबाईंकडे जावं लागतं. असोद्याच्या माहेरवाशीण, जळगावच्या सासुरवाशीण, १८८० चा जन्म. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपुढे गाणी म्हणायच्या, घरातल्या मुलांनी ती उतरून घेतली. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या. मुलगा सोपानदेव स्वतः कवी. त्याने ते बाड आचार्य अत्र्यांना दाखवलं, आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह निघाला. सुगरणीचं घरटं पाहून त्यांना नवल वाटतं ते कारागिराला कारागिराबद्दल वाटावं तसं. एवढीशी चोच, हात नाहीत, आणि हे विणलं कसं? हा प्रश्न विणणाऱ्या, सारवणाऱ्या, पेरणाऱ्या बाईचा आहे. बागेत फिरायला आलेल्याचा नाही. भरताच्या यादीत जे नव्हतं ते सगळं इथे आलं. जातं, चूल, बी, मोट.

आणि ना. धों. महानोर. अजिंठ्याच्या पायथ्याचं पळसखेडे, जन्म १९४२. 'रानातल्या कविता' १९६७ सालच्या. हा कवी विधान परिषदेत गेला तेव्हा शेती आणि पाणी यांवर बोलला, आणि स्वतःच्या रानात पाणी अडवण्याची, फळबागांची कामं केली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. त्यांच्याविषयी खूप बोललं गेलंय, म्हणून एवढंच सांगतो, की त्यांच्या लेखी 'रान' हा शब्द शहरी माणसाच्या 'निसर्ग' या शब्दाचा पर्याय नव्हता. रान म्हणजे पेरायची जमीन. सातबारा असलेली.

आता तुमच्या गावाकडे वळतो. तुमची गोष्ट तुम्हालाच सांगायची म्हणजे आजीला माहेरची वाट दाखवण्यासारखं आहे, तरी एक मुद्दा आहे. सत्तरच्या, ऐंशीच्या दशकांत हे गाव कसं होतं, ते इथले ज्येष्ठ सांगतात. डोंगर बोडके, विहिरी कोरड्या, तरणी माणसं कामाला बाहेर, दारूच्या भट्ट्या. म्हणजे 'खेड्यातील रात्र'. १९८९ साली एम.कॉम. झालेला, क्रिकेट खेळणारा एक तरुण, पोपटराव पवार, सरपंच झाला. मग श्रमदान, नव्वदच्या दशकात आदर्श गाव योजना, चर, बांध, झाडं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, पाणी पिणारं पीक लावायचं नाही. २०२० साली पोपटरावांना पद्मश्री जाहीर झाली. हे सगळं कवितेने झालं असं कुणी म्हणेल, तर ते धादांत खोटं. कष्टाने झालं, नियमाने झालं, योजनेच्या पैशाने झालं, आणि नियम मोडणाऱ्या शेजाऱ्याला तोंडावर 'नाही' म्हणण्याच्या हिमतीने झालं. शेवटचं सर्वांत अवघड.

आम्हाला खटकणारा, किंवा खुणावणारा म्हणा, प्रश्न वेगळा आहे. ज्या गावाने पाऊस मिलिमीटरमध्ये मोजला, त्याला पावसाचं नवल उरतं का?

हा प्रश्न जुना आहे. ग्रीक तत्त्ववेत्ते म्हणतात, तत्त्वज्ञान नवलातून जन्मतं. प्लेटोच्या 'थिएटिटस'मध्ये हे आहे, ॲरिस्टॉटलच्या 'मेटाफिजिक्स'मध्येही आहे. पण ॲरिस्टॉटल पुढे असंही सुचवतो, की कारण कळलं की नवल ओसरतं, किंबहुना मग तसं नसतं तरच नवल वाटलं असतं. २८ डिसेंबर १८१७ ला लंडनला हेडन नावाच्या चित्रकाराकडे जेवण होतं. वर्ड्स्वर्थ होते, कीट्स होते, लॅम होते. तिथे लॅम आणि कीट्स यांनी न्यूटनवर ठपका ठेवला, की या माणसाने प्रिझमने इंद्रधनुष्याची सगळी कविता घालवली. थट्टाच चालली होती, पेले भरलेले होते. पण पुढे 'लामिया'मध्ये कीट्सने ते गंभीरपणे लिहिलं.

आम्ही बरीच वर्षं कीट्सच्या बाजूने होतो. इथे आल्यावर बाजू बदलली. ज्ञानेश्वरांच्या त्या पाटाच्या पाण्याकडे पुन्हा बघा. पाणी उताराने जातं, हे माळ्याला ठाऊक आहेच. ठाऊक आहे म्हणून तर तो ते वळवू शकतो. आणि तरीही त्याचं निमूट जाणं नवलाचं राहतं. कारण कळलं म्हणून चिद्विलास थांबत नाही. काल संध्याकाळी तुमच्या एका शेतकरी दादांबरोबर आम्ही डोंगराच्या बाजूला गेलो होतो. चर कसे समपातळीत खणले, गवत कापून भारे करून न्यायचं पण जनावर आत सोडायचं नाही, असं ते सांगत होते. सगळं हिशोबी. मग एका चराशी थांबले, खाली बसले आणि म्हणाले, "सर, पहिल्या पावसाला इथं येऊन बसायचं. पाणी उतरताना आवाज येतो." आम्ही विचारलं, कसला? त्यांनी थोडा विचार केला. म्हणाले, "जनावर पाणी पितंय असा."

पर्जन्यमापक बघणारा माणूस हे बोलला, मंडळी. ती उपमा त्यांनी कुठे वाचलेली नव्हती. आम्ही पन्नास वर्षं पुस्तकं वाचून असं एक वाक्य तयार केलेलं नाही.

तरी एक शंका बोलून दाखवतो, कारण ती न बोलता गेलो तर तेही पलायन होईल. हिवरे बाजार हजार हेक्टरांच्या आतबाहेरचं गाव आहे. ग्रामसभेत सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून 'ही सर तुझी, ही माझी' असं न म्हणता पाणी वाटता येतं. मोठ्या तालुक्यात, मोठ्या धरणाखाली हे कसं व्हायचं? तिथे दया पवारांची बाई अजून उभी आहे. आमच्याकडे उत्तर नाही. तुमच्यातल्या ज्यांनी नियम मोडणाऱ्या शेजाऱ्याला नाही म्हटलंय, त्यांच्याकडे असेल तर आम्हाला ऐकायचं आहे.

वेळ झाला. त्या मुलाबद्दल एक राहिलं. आता तो पन्नाशीच्या पुढे असेल, आणि त्याची आई असली तर आमच्यापेक्षा मोठी असणार. हे व्याख्यान इंटरनेटवर जातंय असं आयोजक सांगतात, म्हणून म्हणतो. बाबा रे, ऐकत असशील तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. तेव्हाच द्यायला हवं होतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मागे खांबाशी बसलेल्या ताईंनी मघापासून हात वर केलाय. बोला ताई, माईक जरा त्यांच्याकडे द्या.